नगारवेशीचे तोरण

राधाकिसन गाडीवानाला कोणी घराचा पत्ता विचारला, की तो म्हणायचा, "नगारवेशीला टेकून." यात अतिशयोक्ती काही नव्हती. जालन्याच्या त्या जुन्या वस्तीला कधीकाळी तट होता. तटाची माती पावसापाण्याने खचत गेली, दगड लोकांनी आपापल्या जोत्यांना नेले, आणि वेशीच्या उजव्या अंगाला जिथे तट पार भुईसपाट झाला होता, तिथे राधाकिसनच्या आजोबांनी घर घातले. घराच्या तीन भिंती त्यांनी बांधल्या. चौथी भिंत म्हणजे वेशीचा बुरूज.

आजोबा मूळचे टेंभुर्णीकडचे, मेंढरांमागे फिरणारे. मेंढरे गेली तेव्हा शहरात आले आणि बैलगाडी हाकू लागले. ती गाडी बापाकडे आली, बापाकडून राधाकिसनकडे. मोंढ्याच्या धान्यबाजारातली पोती, वखारींतले लोखंड, लग्नाचे सामान, जे मिळेल ते तो वाहायचा. उंच, सडपातळ, डोक्याला कायम पिवळसर फेटा. बोलणे कमी, पण वेशीबद्दल विचारले तर मग थांबायचा नाही.

वेसही तशीच होती. बाहेरून पाहिली तर दोन बुटके बुरूज आणि मधे काळ्या दगडाची टोकदार कमान. कमानीवर नगारखान्याची खोली, तिला तीन लहान खिडक्या. लाकडी दरवाजाचे एकच दार उरले होते, तेही भिंतीला लागून कायमचे उघडे. त्यावर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला लोखंडी खिळे, आणि खाली माणसाने वाकून जावे अशी दिंडी. आत शिरले की रस्ता सरळ जात नाही. थोडा डावीकडे वळतो आणि मग दुसरी कमान लागते. धावून येणाऱ्या शत्रूचा वेग मोडावा म्हणून ही योजना. शत्रू कधी आला की नाही ठाऊक नाही, पण त्या वळणामुळे वैशाखातल्या भर दुपारीसुद्धा वेशीत गार झुळूक असे. दोन्ही बाजूंच्या देवड्यांत, म्हणजे पहारेकऱ्यांच्या ओवऱ्यांत, हमाल भाकरी सोडून बसत आणि तिथेच लवंडत.

कमानीच्या दोन खांद्यांवर दोन दगडी कमळे होती. डावे पूर्ण फुललेले, पाकळी न् पाकळी कोरलेली. उजवे अर्धेच. अर्ध्या पाकळ्या उमटलेल्या आणि उरलेला दगड कोरा. हे अर्धे कमळ राधाकिसनच्या फार जिव्हाळ्याचे. ते अर्धे का राहिले याच्या त्याच्याकडे कितीतरी हकिकती होत्या. कोणाला सांगे की कारागिराला लढाईची बातमी आली आणि तो छिन्नी टाकून गेला. कोणाला सांगे की बाप आणि लेक दोघे कोरत होते, पैज लागली होती, आणि बाप हरला. कॉलेजची मुले आली की दौलताबादला जाणारे भुयारही निघायचे.

हे ऐकून त्याची बायको जयवंताबाई दारातून म्हणायची, "भुयार एवढं लांब गेलंय, तर जरा बाजारापोत्तर जाऊन या त्याच्यातून. मीठ संपलंय."

जयवंताबाई पिंपळगाव रेणुकाईची. लग्न होऊन आली त्याच दिवशी तिने ओळखले, की नवऱ्याचे एक माणूस आधीपासून घरात आहे. ती वेशीला सवत म्हणायची. सकाळी राधाकिसन वेशीतला केर काढायला गेला की शेजारणीला सांगायची, "गेले तिचं तोंड धुवायला." पण केरसुणी झिजली की नवी तीच आणून ठेवायची.

सत्त्याऐंशी सालच्या हिवाळ्यात वेशीवर पहिले संकट आले. जालन्यात लोखंडाचे कारखाने वाढले होते. तिथे भंगार वितळवून सळया करत, आणि ते भंगार ट्रकांवर डोंगरासारखे रचून येई. वेशीच्या आत बद्रीनाथ शेठची भंगाराची वखार होती. एका सकाळी परमुलखातला एक ट्रक तसाच बेफिकीर आत घुसला. वर रचलेल्या पत्र्याच्या टाकीचे टोक कमानीला लागले, कमानीच्या कडेचा एक दगड निखळून खाली आला आणि चहाच्या गाड्याचा चुराडा झाला. चहावाला पाणी भरायला गेला होता म्हणून वाचला.

बद्रीनाथ शेठने त्याच आठवड्यात वेस पाडावी म्हणून नगरपालिकेत अर्ज दिला. शेठ दुष्ट नव्हता. राधाकिसनच्या गाडीला त्यानेच वर्षानुवर्षे काम दिले होते.

"राधाकिसन, राग धरू नको," तो म्हणाला. "उद्या कुणी मेलं तर? तुझी वेस येणार हाय का कोर्टात?"

"शेठ, वेस कुणाच्या अंगावर गेली न्हाई. ट्रक तिच्या अंगावर आल्ता."

पाहणीला जिगेसाहेब आले. नगरपालिकेतले इंजिनिअर, मध्यम वयाचे, चष्मा कपाळावर सरकवून बोलायची सवय. त्यांना जुन्या बांधकामाची मनापासून आवड होती. राधाकिसनने शिडी धरली, साहेब वर चढले, निखळलेला दगड पुन्हा चुन्यात बसवायला सांगितला. खाली उतरल्यावर त्यांनी अर्ध्या कमळाकडे बोट दाखवले.

"हे असं का राहिलं?"

राधाकिसनने लढाईची हकिकत सांगितली.

"मागच्या महिन्यात माझ्या पुतण्याला तुम्ही बापलेकाची गोष्ट सांगितली. खरी कोणती?"

राधाकिसन वरमला, पण म्हणाला, "साहेब, खरी माहीत असती तर येवढ्या कशाला सांगाव्या लागल्या असत्या?"

साहेब हसले, पण जाताना त्यांनी स्पष्ट सांगितले. लोकांची भीती खोटी नाही. येत्या पोळ्यापर्यंत कमानीला पुन्हा धक्का लागला नाही तर वेस राहावी असे ते लिहितील. लागला, तर मात्र त्यांच्या लिहिण्याला कोणी विचारणार नाही.

साहेबांनी उंचीचा आकडा लिहिलेली लोखंडी पाटी बसवली. तिचा उपयोग झाला नाही. भंगाराची उंची कोण मोजतो? ड्रायव्हर पाटीकडे पाहत आणि देवावर हवाला ठेवून पुढे घेत. राधाकिसन घरी असला की धावत बाहेर येई, हात वर करून ट्रक थांबवी, चारी बाजूंनी पाही आणि मग "आन दे, आन दे, डावीकडं कट मार, बस" करत एकेक ट्रक वेशीतून काढी. पण तो गाडी घेऊन मोंढ्यात गेला, की वेस उघडी.

कल्पना त्याला बैलांना पाणी दाखवताना सुचली. पोळ्याला वेशीबाहेर तोरण बांधायचा रिवाज होता. वेशीच्या अलीकडे एका बाजूला कडुनिंब, दुसऱ्या बाजूला जुना दगडी खांब. या दोहोंमध्ये अंबाडीचा दोर ताणून त्याला आंब्याची पाने लावत. सगळे बैल सजून त्या तोरणाखाली गोळा होत. मानाचा बैल तोरण तोडून पुढे जाई, पोळा फुटे, आणि लोक तोरणाचे तुकडे घरी नेऊन चौकटीला बांधत. मानाच्या बैलाशिवाय त्या तोरणाला कोणी धक्का लावायचा नाही. दारू प्यालेला माणूससुद्धा त्याच्याखालून वाकून जाई.

पाटी न मानणारा ड्रायव्हर तोरण मानेल, असे राधाकिसनच्या मनात आले. तोरण वर्षभर बांधायचे, कमानीच्या माथ्याहून जरा खाली, आणि त्यात बैलाची घुंगरमाळ ओवायची. माल उंच असला की माळ वाजेल आणि ट्रक थांबेल.

पण मान आबारावांच्या घराण्याचा. म्हातारे आबाराव वेशीच्या आतल्या आळीत राहत. राधाकिसन त्यांना मामा म्हणायचा. तो विचारायला गेला तेव्हा ते ओसरीवर बैलाची झूल उसवत बसले होते.

"तोरण पोळ्याचं असतं," आबाराव म्हणाले. "बारा महिने टांगून ठेवलं तर माझ्या बैलाचा मान काय राह्यला? उद्या म्हणशील नवरदेवाला रोज हळद लावू."

"मामा, तोडायचा मान तुमच्या बैलाचाच. ट्रकला मी तोडू देणार न्हाई. त्यासाठीच तर बांधून राह्यलो."

"आन बांधणार कशाचं? त्या निळ्या नायलॉनचं?"

"तुम्ही म्हणसाल त्याचं."

आबाराव बराच वेळ झूल उसवत राहिले. शेवटी म्हणाले, "अंबाडीचाच दोर पाह्यजे. पानं आंब्याचीच. तार न्हाई, नायलॉन बिलकुल न्हाई. तोरण म्हणलं तर तोरणासारखं पाह्यजे."

राधाकिसनने स्वतः अंबाडी वळली. दिवाळीच्या ठेवणीतली घुंगरमाळ जयवंताबाईने पेटीतून काढून दिली. "माझ्या बैलांचा दागिना काढून सवतीला घालून राह्यले," ती म्हणाली, पण माळेची सैल घुंगरे तिनेच बसून शिवली. साहेबांनी उंची दाखवली आणि माघाच्या कोवळ्या उन्हात तोरण चढले.

आणि ते चालले. टेंभुर्णीचा भुजंग नावाचा एक तरुण ड्रायव्हर बद्रीनाथ शेठकडे भंगार आणायचा. पहिल्याच खेपेला घुंगरे वाजली तसा त्याने ब्रेक मारला, खाली उतरला, तोरणाला हात जोडले आणि वरची दोन पिंपे उतरवून खांद्यावर आत नेली. "काका, पोलिसानं अडवलं तर चहापाणी देऊन सुटता येतं," तो राधाकिसनला म्हणाला, "ह्याला काय देणार?" मग बाकीचेही थांबू लागले. पाने वाळली की राधाकिसन नवी लावी. उन्हाळा सुखाने गेला. बद्रीनाथ शेठसुद्धा येता-जाता वर पाहून मान हलवी.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला. श्रावणात झड लागली. दिवसचे दिवस बारीक पाऊस, ऊन नाही, कपडे वाळत नाहीत. पोळा अगदी तोंडावर आला होता. राधाकिसन गोठ्याच्या कोपऱ्यात बसून शिंगांना लावायचा हिंगूळ कालवत होता. बाहेर भुजंगचा ट्रक आल्याचे त्याने आवाजावरून ओळखले. घुंगरे वाजली नाहीत, म्हणून उठला नाही. आणि मग दगड खरवडल्याचा आवाज आला. पाठोपाठ जड काहीतरी पडल्याचा.

तो बाहेर धावला. ट्रक कमानीत अडकला होता. वरचा गंजका पिंजरा उजव्या खांद्याला घासून गेला होता आणि अर्धे कमळ चिखलात पडले होते.

भुजंग खाली उतरून पांढराफटक उभा होता. "काका, आईची आन, वाजलं न्हाई. मी हळूच घेतला. तोरणावर इस्वास ठेवला."

राधाकिसनने वर पाहिले. तोरण तुटलेले नव्हते. ते वर गेले होते. मधला झोळ नाहीसा होऊन दोर ताठ झाला होता.

ते पाहताच त्याला सगळे कळले. भिजला की अंबाडीचा दोर आखडतो, हे त्याला नवे का होते? जन्मभर गाडीवर माल बांधणारा माणूस तो. पावसात गाडी काढली की वाटेत दोनदा उतरून दोर ढिला करायचा, नाहीतर पोती फाटतात. गाडीवरचा दोर तो कधी विसरला नसता. पण वेशीवर होते ते त्याच्या मनात दोर नव्हतेच. ते तोरण होते. तोरण भिजते, आखडते, हे त्याच्या ध्यानीमनीही आले नाही. आबारावांच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी जिगेसाहेब आले. बद्रीनाथ शेठ, आबाराव, भुजंग, आळीतली माणसे, सगळी छत्र्या घेऊन वेशीपुढे जमली. भुजंग म्हणाला चूक माझी. आबाराव म्हणाले अंबाडीचा हट्ट माझा.

राधाकिसन पुढे झाला. फेटा हातात घेतला होता. "साहेब, चूक माझी हाय. वेशीची न्हाई. काय लिव्हायचं ते माझ्या नावानं लिव्हा."

साहेब ओल्या शिडीवरून वर चढले. चष्मा कपाळावर सरकवून, हाताने चाचपत त्यांनी कमान या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत तपासली. नगारखान्यात गेले, खालून पाहिले, पुन्हा वर गेले. उतरले तेव्हा कोपरापर्यंत शेवाळ लागले होते.

"कमळ वरून चिकटवलेलं होतं," ते म्हणाले. "ते गेलं. पण कमान जागची हललेली नाही. ज्याने कोणी बांधली त्याने एकेक दगड दुसऱ्यावर असा रेटून ठेवलाय, की दोन ट्रक आदळले तरी ती उभी आहे. ही पाडायची म्हणजे आपल्याला मेहनत पडेल. पण ट्रक येत राहिले तर कधीतरी जाईल. ट्रकांना वेगळी वाट पाहिजे."

"वाट कुठून काढणार?" बद्रीनाथ शेठने विचारले. "डावीकडं मशीद, उजवीकडं..."

तो मधेच थांबला. सगळे उजवीकडे पाहू लागले. बुरुजाला टेकलेले घर, त्याच्या पुढचा गोठा, गोठ्यापुढे जयवंताबाईची तुळस. तट जिथे भुईसपाट झाला होता ती जागा वेशीजवळ ही एकच होती, आणि तिच्यावर राधाकिसनच्या आजोबांनी घर घातले होते.

जिगेसाहेब कोणाकडेच पाहत नव्हते. "त्याबद्दल मी बोललो नाही," ते म्हणाले.

 वेशीसाठी काय मागाल ते देतो, असे राधाकिसन रात्रभर घोकत होता. पण हे घर त्याचे एकट्याचे नव्हते. त्याच्या भिंती दर दिवाळीला जयवंताबाईच्या हाताने सारवल्या जात. दोन लेकी त्याच दारातून सासरी गेल्या होत्या. हो म्हणायचा हक्क आपला नाही हे त्याला कळत होते, आणि नाही म्हटले तर वेस जाणार हेही कळत होते. तो फेट्याचा पदर बोटाला गुंडाळत राहिला.

जयवंताबाई दारात उभी होती. पदर डोक्यावर, हाताला शेण. तिने सगळे ऐकले होते.

"साहेब," ती म्हणाली, "जागेच्या बदल्यात जागा भेटते का?"

"मिळते. मागच्या गल्लीत पालिकेची आहे. मी स्वतः मागे लागेन."

"गोठ्यापुरती हाय का?"

"आहे."

"मंग जल्दी काय ते करा. पण पोळा होऊ द्या. बैल ह्याच दारातून सजून निघतील." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आन तुम्ही फेटा बांधा डोक्याला. मेल्यावानी उभे राह्यले. आन एक सांगून ठेवते, नव्या घराचं दार तिच्याकडं करायचं न्हाई. सकाळी उठून मला सवतीचं तोंड पाह्यचं न्हाई."

कोणीतरी हसले. मग आबाराव हसले, बद्रीनाथ शेठ हसला. राधाकिसन मात्र तिच्याकडे पाहतच फेटा बांधू लागला.

पोळा झाला. त्या दिवशी उघडीप होती. तोरण बैलाच्या शिंगांच्या उंचीला खाली उतरवले होते. आबारावांच्या बैलाने ते तोडले आणि सगळे बैल, हिंगूळ लावलेली शिंगे हलवत, कमळ नसलेल्या कमानीखालून आत गेले. लोकांनी तोरणाचे तुकडे नेले. राधाकिसनने एक तुकडा नेऊन ज्या घराला आता चौकट राहणार नव्हती त्याच्या चौकटीला बांधला. नंतर घर उतरवताना जयवंताबाईने ती चौकट तेवढी काढून नेली.

पुढच्या उन्हाळ्यात उजवीकडून नवा रस्ता झाला. पहिला ट्रक भुजंगनेच आणला, मुद्दाम हॉर्न वाजवत. बुरुजाचा जो भाग इतकी वर्षे घराआड होता तो उघडा पडला, तेव्हा त्यावर चुलीच्या धुराचा काळा पट्टा दिसला. जिगेसाहेबांनी तो घासून काढू दिला नाही. "हाही वेशीचाच इतिहास आहे," म्हणाले. "आणि हा तरी खरा आहे."

अर्धे कमळ देवडीत ठेवले आहे. ते परत वर बसवता येईल असे साहेब म्हणत होते, पण राधाकिसन म्हणाला, राहू द्या, आता लोकांना जवळून पाहता येते. ते खाली का आले याची मात्र त्याने एकच हकिकत सांगितली, आणि ती कधी बदलली नाही. "मी दोर वळला, आन दोर भिजतो हे विसरलो," एवढेच तो म्हणायचा.

नव्या शतकात गाडी गेली, बैल गेले. पोळ्याला आता जवळच्या खेड्यांतून बैल येतात. तोरण अजून राधाकिसनच वळतो, अंबाडीचे, आणि ते वर्षभर राहते, कारण लोकांना आता त्याशिवाय वेस ओकीबोकी वाटते. त्याच्याखालून सायकली जातात, शाळेची मुले जातात, नवरदेवाची घोडी जाते. पावसात ते वर जाते, उन्हात खाली येते, आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही.

मागच्या गल्लीतल्या घराचे दार जयवंताबाईच्या सांगण्याप्रमाणे पूर्वेला आहे, वेशीकडे पाठ करून. पण स्वयंपाकघरातली खिडकी पश्चिमेला आहे. ती गवंड्याकडून नंतर कोणी पाडून घेतली, हे राधाकिसनला पुष्कळ दिवस ठाऊक नव्हते. एका संध्याकाळी तो वेशीतून उशिरापर्यंत परतला नाही, तेव्हा खिडकीतून जयवंताबाईची हाक आली.

"झालं का तिचं? मंग या. भाकर निवून राह्यली."